घरांतील खडबडीत कोबा कसा सुधारावा?

मातीच्या जमिनींत एक मोठा गुण होता. तिच्यांत कांहीं चूक राहिली तरी पुढच्या सारवणांत ती बुजत असे. कोठें उखणलें, कोठें पोपडा आला, तर घरांतील बाईमाणूस शेणमातीचा हात फिरवून तें पुन्हां सारखें करी. सिमेंटच्या कोब्याची गोष्ट निराळी आहे. त्यांतील चूक बहुधा पहिल्या एकदोन दिवसांतच घडते, आणि मग ती वर्षानुवर्षें पायांखालीं राहते. आपल्या देशांत सिमेंटचा धंदा खऱ्या अर्थानें उभा राहिला तो १९१४ सालीं पोरबंदरच्या कारखान्यापासून. पुढें हळूहळू तें सिमेंट खेड्यांपर्यंत आलें आणि माजघर, ओसरी, कोठीची खोली यांतील जमिनी कोब्याच्या झाल्या. परंतु सारवणाची विद्या जशी घरोघर होती, तशी कोब्याची विद्या घरोघर पोंचली नाहीं. तिचें फळ आपण भोगीत आहों.

सकाळीं झाडावें तों संध्याकाळीं पुन्हां पांढुरकी धूळ जमावी, अनवाणी चालणाऱ्या वृद्ध माणसांच्या टाचा खरवडाव्या, कोठीच्या खोलींत सांडलेलें धान्य भरतांना त्यांत वाळूचे कण यावे, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. याहून मोठें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं. कोब्याच्या भेगांत व खळग्यांत धान्याचा चुरा सांचतो, आणि तेथेंच साठवणीच्या किडीस आसरा मिळतो. खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या तर अशा फटींत अन्नावांचून दीर्घ काळ जगतात आणि नवें धान्य आलें कीं बाहेर पडतात. तेव्हां खडबडीत जमीन हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. तो धान्याचाही प्रश्न आहे.

अशा वेळीं गवंड्यास बोलावलें तर तो दोनपैकीं एक सल्ला देतो. एक तर सर्व कोबा फोडून नवा करावा, नाहीं तर वरून सिमेंटचा पातळ हात मारून घ्यावा. पहिला सल्ला पुष्कळदां अनावश्यक खर्चाचा असतो, आणि दुसरा जवळजवळ नेहमींच फसवा असतो. हा दुसरा मार्ग आम्हीं स्वतः चोखाळून पाहिला आहे. आमच्या कोठीच्या खोलींतील जुना कोबा नुसता झाडून घेऊन त्यावर पाव इंच जाडीचा सिमेंटचा लेप आम्हीं देवविला. दिवाळींत काम झालें तेव्हां जमीन आरशासारखी दिसत होती. होळीच्या सुमारास कडेचे पापुद्रे सुटूं लागले, आणि पावसाळ्यांत पोतीं हलवितांना त्यांच्याखालून पापडासारखे तुकडे निघाले. तो लेप खरवडून काढण्यास तो देण्यापेक्षां अधिक मजुरी पडली. चूक गवंड्याची तशी आमचीही होती. कारण जमिनीचा रोग काय आहे हें न पाहतांच आम्हीं औषध दिलें होतें.

म्हणून या लेखांत आम्हांस मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. आधीं कोब्याची परीक्षा करावी, रोग ओळखावा, आणि मगच उपाय योजावा. बहुतेक कोबे फोडावेही लागत नाहींत आणि त्यांवर लेपही द्यावा लागत नाहीं.

कोबा बिघडतो कां?

पहिलें कारण पाणी. ५० किलोच्या एका पोत्यास, वाळूंतील ओल धरून, २२ ते २५ लिटर पाणी पुरेसें असतें. परंतु पातळ माल पसरण्यास सोपा जातो म्हणून बिगारी बादलीवर बादली ओततात. सिमेंटाच्या कामीं न आलेलें हें जादा पाणी हळूहळू वर येतें, आणि येतांना सिमेंटची व वाळूची बारीक पूड बरोबर आणतें. पाणी उडून गेलें कीं त्याच्या जागीं असंख्य बारीक छिद्रें राहतात व वरची साय भुसभुशीत होते.

दुसरें कारण घाई. हें वर आलेलें पाणी जिरण्याची वाट न पाहतां गवंडी त्यावर कोरडें सिमेंट भुरभुरतो आणि थापीनें घोटतो. त्या दिवशीं काम सुरेख दिसतें. परंतु ती वरची कातडी खालच्या मालाशीं एकजीव झालेली नसते. वर्षा-दोन वर्षांत ती झिजते किंवा सुटते.

तिसरें कारण पाणी मारण्याचा कंटाळा. सिमेंट वाळून घट्ट होतें असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा आहे. सिमेंट पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें. तें आधींच वाळलें कीं ही क्रिया अर्ध्यावर थांबते. आंतील माल जाड असल्यामुळें त्यांत ओल टिकते. परंतु वरचा पाव इंच वाऱ्याउन्हानें प्रथम वाळतो, आणि आपण चालतों तें नेमकें त्याच पाव इंचावर.

याशिवाय गाळमिश्रित वाळू, खालील भरावाची अपुरी चोपण आणि काळ्या मातीवर केलेली बांधणी हीं कारणें आहेतच. त्यांचा विचार पुढें येईल.

परीक्षा

परीक्षेस महागडें साधन लागत नाहीं. खोली मोकळी करून, झाडून, पुढील पांच गोष्टी पाहाव्या.

पहिली परीक्षा आवाजाची. लहान हातोडीनें किंवा लोखंडी सळईच्या टोकानें वीतभर अंतरावर ठोकीत जावें. खणखणीत आवाज आला तर माल खालीं धरून आहे. बद्द आवाज आला तर वरचा थर सुटून पोकळ झाला आहे. पोकळ जागेभोंवतीं कोळशानें रेघ ओढावी.

दुसरी परीक्षा ओरखड्याची. जाड खिळ्यानें जोर देऊन रेघ मारावी. नुसती पुसट रेघ उठली तर पृष्ठभाग कठीण आहे. पूड निघाली, पण थोडें खोल गेल्यावर खिळा अडला, तर वरची साय तेवढी मऊ आहे. खिळा पाव इंचाहून खोल सहज जात असेल तर मालच कच्चा आहे.

तिसरी परीक्षा पाण्याची. ओंजळभर पाणी टाकून पाहावें. तें मिनिटा-दोन मिनिटांत शोषलें गेलें तर कोबा सच्छिद्र आहे. थेंब तसेच उभे राहिले तर वर तेल, मेण किंवा रंग आहे, आणि तो काढल्यावांचून कोणताही उपाय लागूं पडणार नाहीं.

चौथी परीक्षा ओलीची. दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा जाड कागद जमिनीवर पसरून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या आणि दुसऱ्या दिवशीं उचलून पाहावें. आंतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा खालील जमीन काळसर झालेली असली, तर जोत्यांतून ओल वर चढत आहे. ही परीक्षा पावसाळ्यांत केली तर अधिक खरी उतरते.

पांचवी परीक्षा सपाटीची. सहा फूट लांबीची सरळ पट्टी निरनिराळ्या दिशांनीं ठेवून कोठें खळगा व कोठें उंचवटा आहे तें टिपून ठेवावें.

आवाज खणखणीत पण जमीन खरखरीत: घासणें

बऱ्याच घरांत कोबा आंतून दणकट असून वरूनच खडबडीत असतो. याला उत्तम उपाय म्हणजे घासणें. मोझाइकच्या लाद्यांस पॉलिश करणारे कारागीर आतां बहुतेक तालुक्यांच्या गांवीं भेटतात. त्यांचेंच यंत्र या कामीं चालतें. प्रथम ६० नंबरचा दगड लावून उंचवटे व मऊ साय काढावी. मग जमीन धुवून पाहिली म्हणजे बारीक छिद्रें उघडी पडलेलीं दिसतात. सिमेंटची दाट खळ करून ती छिद्रांत चोळून भरावी, वरची जादा खळ खरवडून घ्यावी, आणि आठवडाभर जमीन ओली ठेवावी. नंतर १२० नंबरचा व शेवटीं २२० नंबरचा दगड फिरवावा. राहत्या घरास एवढें पुरे. याहून अधिक चकाकी आणणें म्हणजे ओल्या पायानें घसरण्याची सोय करणें होय. कोपरे व उंबऱ्याजवळची जागा हातांत धरावयाच्या कार्बोरंडम दगडानें घासावी.

घासणें नेहमीं पाणी टाकीत करावें. कोरडें घासल्यास उडणाऱ्या धुळींत वाळूचे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसांत साठून सिलिकॉसिस नांवाचा रोग होतो, आणि त्यावर पूर्ण गुण देणारें औषध नाहीं. नाकातोंडावर फडकें बांधणें पुरेसें नाहीं. बारीक धूळ अडविणारा चांगला मुखवटा वापरावा. ओल्या जमिनीवर विजेचें यंत्र चालणार असल्यामुळें तारेचें वेष्टन अखंड असावें आणि दोष होतांच प्रवाह तोडणारें बटण जोडलेलें असावें. निघालेला राडा मोरींत सोडूं नये, तो तेथें घट्ट होऊन बसतो. विहिरीजवळ किंवा झाडांच्या आळ्यांतही टाकूं नये, कारण तो चुन्यासारखा दाहक असतो. खड्ड्यांत निवळूं देऊन घट्ट झाल्यावर दगडगोट्यांच्या भरावांत टाकावा.

सतत धूळ सुटणारी जमीन: सिलिकेटचा उपाय

वरची साय किंचित मऊ असून झाडतांना पूड निघत असेल, तर सोडियम सिलिकेटचा उपाय गुणकारी आहे. बाजारांत याला वॉटर ग्लास असेंही म्हणतात. सिमेंट घट्ट होतांना त्यांत कांहीं चुना मोकळा राहतो. सिलिकेटचा द्रव छिद्रांत उतरला कीं त्याचा या चुन्याशीं संयोग होऊन पाण्यांत न विरघळणारा कठीण पदार्थ बनतो, व तो छिद्रें बुजवितो. म्हणजे हा लेप नव्हे. कोब्याच्या अंगांतच पडणारी ही भर आहे, आणि म्हणून ती पापुद्र्यासारखी सुटत नाहीं.

जमीन धुण्याच्या सोड्यानें स्वच्छ धुवून पूर्ण वाळूं द्यावी. एक भाग द्रवांत चार भाग पाणी मिसळून ब्रशानें सारखें पसरावें. एक दिवस वाळूं देऊन साध्या पाण्यानें धुवावें, पुन्हां वाळवावें, आणि असे दोन किंवा तीन हात द्यावे. द्रव कोठेंही सांचून राहूं देऊं नये, नाहीं तर पांढरे डाग पडतात. डोळ्यांत किंवा कातडीवर उडाल्यास तत्काळ भरपूर पाण्यानें धुवावें. अलीकडे लिथियम सिलिकेटही मिळतें. तें महाग असतें, परंतु त्याचा पांढरेपणा कमी राहतो. मात्र खिळ्याच्या परीक्षेंत माल खोलवर कच्चा ठरला असेल, तर कोणतेंही सिलिकेट त्यास वांचवूं शकणार नाहीं.

खळगे आणि भेगा

खळगा भरतांना त्याच्या उतरत्या कडेवर सिमेंट थापूं नये. कडेस तें कागदासारखें पातळ होतें आणि तेथूनच सुटूं लागतें. टाकीनें खळग्याच्या कडा उभ्या कापून निदान पाऊण ते एक इंच खोली करावी, पूड काढून धुवावें, आणि रात्रभर ओलें ठेवावें. सकाळीं सांचलेलें पाणी टिपून घ्यावें, सिमेंटची खळ चोळावी, आणि ती ओली आहे तोंच एक भाग सिमेंट व दोन भाग धुतलेली वाळू यांचा कमी पाण्याचा माल ठासून भरावा. खळ वाळूं दिली तर ती जोडण्याऐवजीं दोहोंना वेगळें करणारा पडदा होते.

भेगांविषयीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. भेग भरण्यापूर्वीं ती मेलेली आहे कीं जिवंत आहे हें पाहिलें पाहिजे. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्यास सांगावयास नको. पावसाळ्यांत ती फुगते आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा देते. घराखालीं असलेली तीच माती घर आहे म्हणून आपला स्वभाव सोडीत नाहीं. भेगेच्या दोन्ही बाजूंस पेन्सिलीनें खुणा करून त्यांतील अंतर व तारीख लिहून ठेवावी, आणि वैशाखांत व भाद्रपदांत पुन्हां मोजावें. अंतर बदलत असेल तर भेग जिवंत आहे. तिच्यांत सिमेंट भरणें व्यर्थ. तेथें रबरासारखा ताणला जाणारा भरणा वापरावा, आणि पागोळ्यांचें व न्हाणीचें पाणी भिंतीपासून दूर न्यावें. मातीची ओल जितकी एकसारखी राहील तितकी भेग कमी हालेल. नवें घर बांधतांना मात्र कोब्याखालील काळी माती काढून तेथें मुरूम चोपून भरावा, हाच मुळावरचा उपाय होय. अंतर न बदलणारी भेग टाकीनें रुंदावून खळग्याप्रमाणेंच भरावी.

पोकळ किंवा कच्चा कोबा: नवा थर

जेथें बद्द आवाज येतो तेवढाच भाग फोडावा. पण अर्ध्याहून अधिक खोली पोकळ किंवा कच्ची निघाली तर कच्चा भाग सर्व काढून, खालील घट्ट पृष्ठभागास टाचे पाडून, दीड इंच जाडीचा नवा थर द्यावा. १० फूट रुंद व १२ फूट लांब खोलीस एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग बारीक खडी हें प्रमाण धरल्यास सुमारे ४ पोतीं सिमेंट लागतें. एक पोतें मापानें ३५ लिटर भरतें. तेव्हां पोत्यामागें सुमारे ५२ लिटर वाळू व १०५ लिटर खडी मोजून घ्यावी. घमेल्याचा अंदाज प्रत्येक मजुरागणिक बदलतो, म्हणून एकच डबा मापासाठीं ठरवावा. जमीन उंच होत असल्यास दारें तळाशीं कापावीं लागतील, हेंही आधींच पाहावें.

खोलीचे सहा फुटांहून मोठे नसतील असे चौकोन पाडून एकाआड एक भरावे किंवा मध्यें कांचेच्या पट्ट्या उभ्या कराव्या, म्हणजे आकसण्याच्या भेगा वाटेल तेथें पडत नाहींत. माल पट्टीनें सारखा करून लांकडी रंध्यानें दाबावा. नंतर थांबावें. पृष्ठभागावरील पाण्याची चमक जाऊन अंगठ्याचा नुसता ठसा उठेल तेव्हांच लोखंडी थापी जोर देऊन फिरवावी, आणि थोड्या थोड्या वेळानें दोनतीनदां घोटावें. कोरडें सिमेंट भुरभुरूं देऊं नये. मालकानें कामावर हजर राहावें असा हाच घटकाभराचा वेळ आहे. ओलें सिमेंट कातडी जाळतें, म्हणून हातमोजे व रबरी बूट वापरावे.

दुसऱ्या दिवशीं, भाजीच्या वाफ्यास बांध घालतों तसे मातीचे लहान बांध घालून जमिनीवर पाणी उभें करावें. आतां बहुधा राखमिश्रित सिमेंट मिळतें. तें सावकाश घट्ट होत असल्यामुळें १४ दिवस पाणी हटूं देऊं नये. शेतकऱ्यास हें काम समजावून सांगावें लागत नाहीं. कोंवळ्या रोपास पाण्याची पाळी चुकविली तर काय होतें, तें तो जाणतो.

ओल असेल तर

प्लॅस्टिकखालीं थेंब दिसले किंवा जमिनीवर लोणा फुटत असला, तर वरून केलेला कोणताही लेप फार दिवस टिकत नाहीं. खालून चढणारी ओल व क्षार त्यास उचलून टाकतात. आधीं घराभोंवतींच्या पाण्यास वाट करावी. त्यानेंही भागलें नाहीं तर जुना कोबा काढून, भरावावर जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद अंथरून, मग नवा कोबा करावा. तोंवर धान्याचीं पोतीं लांकडी फळ्यांवर व भिंतीपासून दूर ठेवावीं.

कोठें गुळगुळीत करूं नये

गोठा, न्हाणी, मोरी आणि उघड्यावरील पायऱ्या येथें गुळगुळीतपणा हा दोष आहे. घसरून पाय फाकलेलें जनावर पुष्कळदां पुन्हां उभें राहत नाहीं. गोठ्याच्या जमिनीस ४० फुटांस एक फूट या मानानें उतार द्यावा आणि माल ओला असतांनाच तीवर चऱ्या पाडाव्या. जुना गोठा गुळगुळीत झाला असेल तर टाकीनें टाचे पाडून घ्यावे.

निगा

सुधारलेल्या कोब्याचा शत्रु आंबट पदार्थ आहे. चिंच-लिंबानें तांब्यापितळेचीं भांडीं त्यावर घासूं नयेत, आणि ताक सांडल्यास लगेच धुवावें. अमोनियम सल्फेटासारख्या खतांचीं पोतीं थेट जमिनीवर रचूं नयेत. त्यांतून पाझरणारा अंश सिमेंट खातो. फरशी धुण्यासाठीं विकत मिळणारीं आम्लें तर कोब्यास मुळींच लावूं नयेत. कुळवाचीं फासें किंवा पहार ओढीत नेण्याची संवयही सोडावी.

कामास उत्तम काळ हिंवाळ्याचा. उन्हाळ्यांत माल झपाट्यानें वाळून तडकतो, आणि पावसाळ्यांत जमीन सुकतच नाहीं. मार्गशीर्षांत परीक्षा करून पौषांत काम उरकलें, म्हणजे पाणी मारण्याचे १४ दिवस व त्यापुढें सुकण्यास महिनाभर मिळून फाल्गुनांत येणाऱ्या रब्बीच्या ज्वारीस खोली तयार होते. आमच्या कोठीच्या खोलींतील तो लेप काढल्यावर आम्हीं खालचा जुना कोबा ठोकून पाहिला, तों दोन जागा सोडल्या तर तो सर्व खणखणीत निघाला. त्या दोन जागा कापून भरल्या, बाकीची जमीन घासून घेतली, आणि सिलिकेटचे तीन हात दिले. हीच परीक्षा प्रथम केली असती तर एका कामाचा खर्च वांचला असता. आमच्या वाचकांनीं तरी तो वांचवावा, आणि गवंड्यास निरोप धाडण्यापूर्वीं हातोडी घेऊन एकदां आपली जमीन आपणच ठोकून पाहावी.